आकाशांतून आलेलें विद्यादान

दानाचे प्रकार आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ सांगितले आहेत. अन्नदान, वस्त्रदान, भूमिदान यांची महती आपण लहानपणापासून ऐकत आलों. आणि या सर्वांच्या वर विद्यादान, असें वडील मंडळी सांगत. व्यवहारांत मात्र आपली दृष्टि बहुधा पहिल्या तीन प्रकारांवरच खिळलेली असते. धर्मशाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटींत ज्याचें नांव कोरलेलें असतें, तो दाता आपल्या चटकन् ध्यानांत येतो. पण ज्यानें आपलें आयुष्य, आपली बुद्धि आणि हातीं आलेला अधिकार हीं सारीं दुसऱ्याच्या अंगणांत ज्ञानाचा दिवा लावण्यासाठीं वेंचलीं, आणि ज्याचें नांव त्या अंगणांतल्या माणसांना कधीं कळलेंहि नाहीं, त्याला दाता म्हणण्याचें आपल्याला सुचत नाहीं. अशाच एका दात्याची ओळख या लेखांत करून द्यावयाची आहे.

२२ ऑक्टोबर २०२५ रोजीं पुणें येथें डॉ. एकनाथ वसंत चिटणीस यांचें निधन झालें. वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून ते एकशेएकाव्या वर्षांत होते. हिंदुस्थानच्या अंतराळ-संशोधनाचा पाया घालणाऱ्या पिढींतील एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ गेला, असें त्यांच्याविषयीं म्हटलें गेलें, आणि तें यथार्थच आहे. तथापि अग्निबाण आणि उपग्रह यांच्या झगमगाटांत त्यांच्या आयुष्यांतील एक मोठें काम मागें पडूं नये असें वाटतें. तें काम म्हणजे दूरचित्रवाणी प्रथम खेड्यांत नेण्याचें.

परभणी, सेलू, जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेड येथल्या एखाद्या घराच्या गच्चीवर चढून पाहिलें, तर आज काय दिसतें? पत्र्यांच्या छपरांवर लहान लहान तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या असतात, आणि केबलच्या काळ्या तारा एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत विजेच्या खांबांच्या आधारानें गेलेल्या असतात. हें दृश्य आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, आकाशांतून चित्रें उतरविण्याचा हा उद्योग कोणीं, कोणासाठीं आणि कोणत्या हेतूनें आरंभिला, हा प्रश्नच मनांत येत नाहीं. प्रश्न विचारला, तर उत्तर मोठें विलक्षण मिळतें. हा उद्योग शहरांतल्या दिवाणखान्यासाठीं आरंभिलेला नव्हता. जेथें वर्तमानपत्र पोंचत नाहीं, पोंचलें तरी वाचणारा नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं वीजहि नाहीं, अशा खेड्यासाठीं तो होता.

विश्वकिरणांपासून थुंब्यापर्यंत

चिटणीस यांचा जन्म २५ जुलै १९२५ रोजीं कोल्हापूर येथें झाला. पदार्थविज्ञानाचा अभ्यास करून ते अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरींत डॉ. विक्रम साराभाई यांच्या हाताखालीं दाखल झाले. अभ्यासाचा विषय होता विश्वकिरणांचा. म्हणजे अंतराळांतून पृथ्वीवर अहोरात्र येऊन आदळणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा. पुढें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्या-संस्थेंत ब्रूनो रॉस्सी या नामांकित शास्त्रज्ञाच्या पथकांत त्यांना काम करावयास मिळालें. तिकडेच राहते, तर प्रतिष्ठा आणि सुखसोयी यांची उणीव पडली नसती. पण साराभाईंचें बोलावणें आलें आणि ते परतले.

१९६२ सालीं अंतराळ-संशोधनासाठीं एक राष्ट्रीय समिति स्थापन झाली. साराभाई तिचे अध्यक्ष होते आणि सदस्य-सचिवपद चिटणीस यांजकडे आलें. आडनांवाप्रमाणें काम मिळण्याचा असा योग क्वचितच येत असेल! राज्यकारभारांत चिटणिसाचें काम लेखणीचें. हुकूम दुसऱ्याच्या नांवानें निघावयाचा, पण त्यांतला शब्द न् शब्द चिटणिसानें तोलून घातलेला असावयाचा. साराभाईंच्या कल्पनांचें असेंच चिटणिसीपण या गृहस्थांनीं अनेक वर्षें केलें. केरळच्या किनाऱ्यावर अग्निबाण सोडण्यास योग्य जागा शोधीत हिंडलेल्या मंडळींत ते होते. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळचें म्हणून थुंबा हें कोळ्यांचें गांव पसंत पडलें, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिला अग्निबाण आकाशांत गेला. पुढें पूर्व किनाऱ्यावर श्रीहरिकोट्याची निवड झाली, तींतहि चिटणीस यांचा मोठा वांटा होता. या समितींतूनच १९६९ सालीं आज सर्वतोमुखीं झालेली 'इस्रो' जन्मास आली.

येथवरची हकीकत अनेकांना ठाऊक असते. यापुढील भाग मात्र फारसा सांगितला जात नाहीं, आणि आपल्या लेखाचा विषय तोच आहे.

आधीं खेडें, मग शहर

साराभाईंचा विचार बोलण्यास सोपा, पण त्या काळीं मोठ्या धाडसाचा होता. पाश्चात्त्य देशांत दूरचित्रवाणी प्रथम महानगरांत आली, मग लहान शहरांत, आणि सर्वांत शेवटीं शेतांमळ्यांत. त्याच क्रमानें आपण गेलों, तर आपल्या खेड्याची पाळी केव्हां येणार? जमिनीवर मनोऱ्यामागून मनोरे उभारीत जावयाचें, तर त्यांत एक पिढी सहज खपून जाईल. उपग्रहाची गोष्ट निराळी आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर सोडलेला उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो. म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला तो एके ठिकाणींच खिळल्यासारखा असतो. एवढ्या उंचीवरून पाहतां मुंबई आणि मराठवाड्यांतील एखादा तांडा यांत भेद तो कसला? ज्याच्यापाशीं तबकडी, त्याच्यापाशीं चित्र. मग ज्यांच्यापाशीं कांहींच नाहीं त्यांच्यापासून आरंभ कां करूं नये?

हा विचार कागदावरून जमिनीवर आणण्याचें काम पायरी पायरीनें झालें. २६ जानेवारी १९६७ रोजीं दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सार्वजनिक संच बसवून शेतकऱ्यांसाठीं 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम सुरू करण्यांत आला. त्याच वर्षीं अहमदाबादेस उपग्रहाशीं दळणवळण करणारें प्रायोगिक भूकेंद्र उभें राहिलें. आपल्या पुणें जिल्ह्यांत जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें हिंदी अभियंत्यांनीं भलीमोठी तबकडी उभारून १९७१ सालीं परदेशांशीं उपग्रहाद्वारें दळणवळण चालू केलें, तेंहि याच प्रेरणेचें फळ होतें. दरम्यान, १९६९ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशीं करार झाला. त्यांचा एक उपग्रह एक वर्षभर हिंदुस्थानच्या उपयोगासाठीं मिळावयाचा. जमिनीवरील सर्व यंत्रसामग्री आणि सर्व कार्यक्रम मात्र आपले आपण तयार करावयाचे, असा तो करार होता.

इतक्यांत दैवानें घाला घातला. ३० डिसेंबर १९७१ रोजीं कोवलम येथें साराभाई अकस्मात् निवर्तले. त्यांचें वय अवघें ५२ वर्षांचें होतें. कर्त्या पुरुषाच्या मागें घर कसें सांवरावें लागतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना सांगावयास नको. वडिलांनीं दिलेला शब्द धाकट्यांनीं पुरा करावयाचा असतो. अहमदाबादच्या अंतराळ-उपयोग केंद्राची धुरा प्रा. यशपाल यांनीं घेतली, आणि दूरचित्रवाणीच्या त्या महाप्रयोगाचे व्यवस्थापक म्हणून चिटणीस उभे राहिले.

एक वर्षाचा प्रपंच

या प्रयोगाचें नांव होतें 'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट'. त्याला थोडक्यांत 'साइट' म्हणत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा पुरा एक वर्ष तो चालला. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील २० जिल्हे निवडण्यांत आले होते, आणि त्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत प्रत्येकीं एक सार्वजनिक संच बसविण्यांत आला. निवडीची कसोटी नेहमींच्या उलट होती. जिल्हा जितका मागासलेला, तितका त्याचा हक्क अधिक!

येथें परभणीकर वाचकांस एक गोष्ट लक्षांत आणून द्यावीशी वाटते. कर्नाटकांतील निवडलेले तीन जिल्हे म्हणजे गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. आणि आंध्रांतील चारांपैकीं मेदक व महबूबनगर हे दोन. विजापूर वगळलें, तर हे सारे जिल्हे १९४८ पर्यंत परभणीप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होते. तोच कोरडा मुलूख, तेंच ज्वारीचें पीक, तोच शिक्षणाचा अभाव. १९५६ च्या प्रांतरचनेनें ते तिकडे गेले आणि मराठवाडा इकडे आला, एवढाच काय तो भेद. महाराष्ट्राचा मात्र या सहा राज्यांत समावेश नव्हता, आणि कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगु व कन्नड या भाषांत होत. म्हणजे एका मराठी गृहस्थानें आपलें सारें कर्तृत्व ज्या यज्ञांत ओतलें, त्याचा प्रसाद मराठी खेड्याच्या वांट्याला प्रत्यक्ष आला नाहीं. आपल्या ताटांत प्रथम वाढून घेण्याची रीत सार्वजनिक जीवनांत सर्वत्र दिसत असतां, ही वागणूक डोळ्यांत भरल्यावांचून राहत नाहीं.

एकेका खेड्यांतला संच चालविणें हा केवढा खटाटोप होता! शाळा, पंचायतीचें घर अशा सर्वांना येतां येईल त्या जागीं संच ठेवावयाचा. शेजारीं सुमारें तीन मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची तबकडी उभी करावयाची. ही जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसलीच असे. स्वस्त, हलकी आणि बैलगाडींतूनहि नेतां येण्याजोगी. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशननें तयार केले होते. जेथें वीज नव्हती तेथें विद्युत्-घटांवर काम भागवावयाचें. पावसाळा, धूळ, उंदीर, विजेचा लपंडाव यांतून संच बिघडला, तर तो दुरुस्त करण्यास माणूस ठराविक मुदतींत खेड्यांत पोंचलाच पाहिजे, अशी जिल्ह्याजिल्ह्यांतून व्यवस्था केलेली होती. आकाशांतला उपग्रह अमेरिकेचा होता. पण त्याचें दान झेलणारी ही ओंजळ सर्वस्वीं आपल्या माणसांनीं घडविलेली होती.

कार्यक्रम दररोज चार तास चालत. सकाळीं दीड तास शाळेंतल्या मुलांसाठीं, आणि सायंकाळीं अडीच तास मोठ्यांसाठीं. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बालसंगोपन असे विषय असत. आणि मध्यें लोकनृत्य, नाटक, गाणें हेंहि असे, कारण केवळ उपदेश ऐकावयास कोण बसतो? मुलांसाठीं विज्ञानाचे छोटे छोटे कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओंत तयार होत. चाक कसें फिरतें, पाणी वर कसें चढतें, सांवली लहानमोठी कां होते, अशा रोजच्या अनुभवांतल्या प्रश्नांवर त्यांचा भर होता. शाळेंच्या सुट्ट्यांत याच यंत्रणेनें सुमारें ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचें शिक्षण देण्यांत आलें. एवढ्या गुरुजींना एका ठिकाणीं जमवावयाचें म्हटलें असतें, तर एक लहानसें शहरच वसवावें लागलें असतें.

काय साधलें, काय राहिलें

गौरवाच्या भरांत दोष झांकण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या कार्यकर्त्यांनीं स्वतः ती पाळली नाहीं, तेव्हां आपणहि पाळूं नये. प्रयोगाचा परिणाम काय होतो हें पाहण्यासाठीं समाजशास्त्रज्ञ नेमण्यांत आले होते, आणि त्यांतले कांहीं तर निवडक खेड्यांत प्रत्यक्ष जाऊन राहिले होते. त्यांना असें आढळलें कीं, आरोग्य, स्वच्छता आणि कुटुंबनियोजन यांविषयींच्या ज्ञानांत चांगली भर पडली. आणि ती अधिक कोणांत पडली, तर निरक्षर स्त्रियांत. ज्या बायकांना कोणीं कधीं कांहीं शिकविण्याच्या योग्यतेचें मानलें नव्हतें, त्यांनींच या शाळेचा लाभ जास्त घेतला. मुलांच्या भाषेंतहि सुधारणा दिसली.

उलटपक्षीं, शाळेंतली गळती केवळ चित्रें दाखविल्यानें थांबली नाहीं. शेतीच्या बाबतींत तर फारसा फरक पडला नाहीं. सुधारलेलें बियाणें पडद्यावर दिसलें, तरी तें तालुक्याच्या गांवीं मिळालें पाहिजे, आणि मिळालें तरी विकत घेण्यास गांठीं पैसा पाहिजे. ज्ञान आणि साधन यांची गांठ पडल्यावांचून पीक येत नाहीं. परभणीस १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें, त्याच्यापुढेंहि प्रथमपासून हाच प्रश्न उभा आहे: प्रयोगशाळेंत सिद्ध झालेली गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यावयाची कशी? 'साइट'नें त्याचें अर्धें उत्तर दिलें. उरलेलें अर्धें यंत्राच्या हातांत नव्हतें.

आणखीहि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रयोग सुरू झाला तेव्हां देशांत आणीबाणी पुकारून जेमतेम पांच आठवडे झाले होते. सायंकाळचा अर्धा तास दिल्लीहून सर्वांसाठीं एकच कार्यक्रम येई, आणि त्यांतून सरकारचें गुणगान होत असे. जें साधन खेड्याला ज्ञान देऊं शकतें, तेंच सत्तेचा नगारा वाजविण्यासहि उपयोगी पडतें, हा धडाहि त्याच वर्षानें दिला.

३१ जुलै १९७६ रोजीं मुदत संपली आणि उपग्रह परत नेण्यांत आला. ज्या खेड्यांना वर्षभर संवय लागली होती, तेथले पडदे एकदम मुके झाले. पुढें १९७७ पासून गुलबर्ग्यासारख्या कांहीं ठिकाणीं जमिनीवरील प्रक्षेपक उभारून थोड्या खेड्यांची सोय करण्यांत आली. पण ती सर्वांची नव्हे. दुसऱ्याकडून उसनें आणलेल्या दिव्यावर घर कायमचें उजळत नाहीं. स्वतःचा उपग्रह असल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें या वर्षानें पुरतें पटवून दिलें.

चिटणीस १९८१ पासून १९८५ पर्यंत अहमदाबादच्या अंतराळ-उपयोग केंद्राचे संचालक होते. याच काळांत 'इन्सॅट' मालिकेचे उपग्रह आले. १९८२ मधील पहिला कांहीं महिन्यांतच निकामी झाला, पण १९८३ च्या ऑगस्टांत गेलेल्या दुसऱ्यानें काम फत्ते केलें, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून लहान प्रक्षेपक उभे राहूं लागले. आज हिंगोली वेगळा होऊन लहान झालेल्या परभणी जिल्ह्यांत जें चित्र दिसतें, त्याची वाट अशी अहमदाबादेवरून आलेली आहे. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून विश्वविद्यालय अनुदान मंडळाचे महाविद्यालयीन पाठहि उपग्रहावरून सुरू झाले. गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत त्यांच्या केंद्रानें चालविलेल्या ग्रामीण दूरचित्रवाणीस १९८४ मध्यें युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. तेथें गांवकऱ्यांच्या अडचणी त्यांच्याच बोलींत, त्यांच्याच तोंडून मांडल्या जात. १९८५ सालीं सरकारनें चिटणीस यांना पद्मभूषण देऊन गौरविलें. निवृत्तीनंतर ते पुण्यास येऊन राहिले आणि तेथील विद्यापीठांत संज्ञापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनीं शिकविलें. त्यांचे चिरंजीव डॉ. चेतन चिटणीस हिंवतापावरील लशीच्या संशोधनामुळें जगास ठाऊक आहेत. गरिबाच्या रोगाला विद्येनें उत्तर शोधण्याचा हा घराण्याचा वारसाच म्हणावयाचा.

तार कोणाकडे प्रथम गेली?

आतां केबलकडे वळूं. कारण आजच्या घरांतला प्रश्न तेथून सुरू होतो. गंमत अशी कीं, केबलचा जन्महि वंचितांच्या सोयीसाठींच झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ गांवांत शहरांतल्या प्रक्षेपणाची लहर पोंचत नसे. तेव्हां डोंगरमाथ्यावर एक उंच अँटेना उभारून तिच्यापासून खालच्या घरांपर्यंत तारा ओढण्याची युक्ति निघाली. त्याच प्रांतांत १९७४ सालीं जेरी लेनफेस्ट नांवाच्या वकिलानें दोन लहानशा केबल-कंपन्या विकत घेतल्या. पंचवीस वर्षांत त्या धंद्याचा वृक्ष झाला. २००० सालीं तो विकून आलेल्या द्रव्यांतून त्यानें एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम शाळा, विद्यापीठें, संग्रहालयें यांना वांटली, आणि २०१६ मध्यें फिलाडेल्फियाचें जुनें वर्तमानपत्रहि एका लोकोपयोगी संस्थेच्या स्वाधीन केलें. २०१८ मध्यें तो वारला. मिळवावें आणि मग वांटून टाकावें, हा त्याचा मार्ग थोरच होय.

हिंदुस्थानांत केबल आली ती निराळ्या वाटेनें. १९८०-९० च्या दशकांत मोठ्या शहरांतील चाळी आणि सोसायट्या यांतून एका व्हिडिओ-यंत्रावरचा चित्रपट तारेनें घरोघर दाखविण्याची चाल पडली. १९९१ च्या आखाती युद्धाचीं दृश्यें पाहण्यासाठीं तबकड्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षीं 'स्टार', आणि २ ऑक्टोबर १९९२ पासून सुभाषचंद्र यांची 'झी' वाहिनी आली. गल्लोगल्लीं रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या होतकरू तरुणांनीं छपरांवरून तारा टाकल्या आणि नवा धंदा उभा केला. सरकारला जाग येऊन नियमनाचा कायदा झाला तो १९९५ सालीं. या तरुणांच्या उद्योगशीलतेस कोणीहि नांवें ठेवणार नाहीं. पण क्रम पाहा: तार प्रथम तेथें गेली, जेथें पैसे देणारा होता. 'साइट'मध्यें तबकडी प्रथम तेथें गेली होती, जेथें देण्यासारखें कांहींच नव्हतें. यंत्र तेंच, आकाश तेंच. हेतु बदलला, आणि त्याबरोबर पडद्यावरचें चित्रहि बदललें.

तथापि दोन्हीं जगांत पूल बांधणारीं माणसेंहि निघाली. 'साइट' आणि खेडा येथील कामांत तयार झालेले किरण कर्णिक १९९५ मध्यें 'डिस्कव्हरी' वाहिनीच्या हिंदुस्थानांतील शाखेचे प्रमुख झाले. केबलच्या बाजारांतहि ज्ञानाला गिऱ्हाईक मिळूं शकतें, हें त्या वाहिनीनें दाखविलें.

आपल्या घरांत

लेनफेस्ट यांचें दान धनाचें. चिटणीस यांचें दान क्रमाचें. पहिला घास कोणाला वाढावयाचा, हें ठरविणें हेंच त्यांचें दातृत्व. एकत्र कुटुंबांत ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. पंगत बसते तेव्हां लेंकरें, आजारी माणसें आणि पाहुणे यांना आधीं वाढतात; कर्ता पुरुष मागाहून बसतो. पण दूरचित्रवाणीपुढें बसतांना हा शिष्टाचार आपण साफ विसरतों. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या हातीं बटणें. स्वयंपाकघरांतल्या सुनेला काय पाहावेंसें वाटतें, आजोबांना कोणता कार्यक्रम कानाला सोसतो, नववींतल्या मुलीच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असें कांहीं लागतें काय, हें विचारण्याची चाल किती घरांत असेल?

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. २०२० सालीं महासांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां ज्यांच्या घरीं भ्रमणध्वनि आणि आंतरजाल होतें त्यांचीं मुलें कशीबशी शिकत राहिलीं. इतरांचीं बसून राहिलीं. त्या वेळीं २० जुलैपासून सह्याद्रि वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मराठी पाठमाला सुरू झाली, आणि तिला आंतरजाल लागत नव्हतें. साधा संच पुरे होता. १९७५ मध्यें जें दान मराठी खेड्याच्या वांट्याला आलें नव्हतें, तें पंचेचाळीस वर्षांनीं असें दारांत येऊन उभें राहिलें. पण तेंहि ज्यांच्या घरीं संच होता त्यांनाच मिळालें. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या मुलाला आपल्या मुलाशेजारीं, हातभर अंतरावर कां होईना, बसवून घेणारीं घरें त्या वर्षीं किती निघालीं, याचा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं हिशेब करावा.

जातां जातां एक सूचना करावीशी वाटते. वडिलांच्या स्मरणार्थ, मुलाच्या मुंजीनिमित्त किंवा लग्नकार्यांत आपण हजारों रुपये सहज खर्च करतों. त्यांतला थोडा भाग बाजूला काढून जवळपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला एक चांगला संच, एक तबकडी आणि मुख्य म्हणजे वर्षभराच्या दुरुस्तीची हमी द्यावी. संच देणारे पुष्कळ मिळतात. तो बिघडल्यावर आठवड्याभरांत दुरुस्त होईल असें पाहणारा विरळा. 'साइट'चें यश तबकडीइतकेंच त्या दुरुस्तीला निघालेल्या माणसावर अवलंबून होतें. शाळेंतल्या गुरुजींना भेटून कोणता शैक्षणिक कार्यक्रम किती वाजतां लागतो याचा कागद भिंतीवर चिकटवून घ्यावा, आणि महिन्यांतून एकदां घरांतल्या मुलांना बरोबर घेऊन तेथें जाऊन बसावें.

शतायुषी चिटणीस यांच्या नांवाची पाटी कोणत्याहि खेड्यांतल्या भिंतीवर बहुधा नसेल, आणि त्याची त्यांना खंतहि नव्हती असें त्यांच्या आयुष्यक्रमावरून दिसतें. गुलबर्ग्याकडील एखाद्या गांवांत, त्या वर्षीं जाळीच्या तबकडीखालीं बसून बाळाला पाणी उकळून द्यावें हें शिकलेली एखादी आजीबाई आज असेल. तिची नातसून तेंच करीत असेल, आणि तें कोणाकडून आलें हें दोघींनाहि ठाऊक नसेल. विद्यादान पुष्कळदां असेंच होतें.